प्रोटीन बार अंगी लागतो का? ‘हेल्दी’ पाकिटं पारखण्याचा नीट क्रम

प्रोटीन बार, भाजलेले मखाणे, नाचणीचे चिप्स, ‘बेक केलेला’ चिवडा अशा वस्तू घेताना बहुतेक जण क्रमच उलटा लावतात. आधी चव निवडतात, मग पाकिटाची पुढची बाजू वाचतात, सवलत दिसली की डझनाचा डबा मागवतात. मागची बारीक अक्षरं वाचायची आठवण होते ती पोट फुगल्यावर किंवा महिनाअखेरीचा खर्च पाहिल्यावर. खाली दिलेला क्रम वनस्पतिजन्य प्रोटीन बार समोर ठेवून लिहिला आहे, पण तो कुठल्याही पाकीटबंद खाऊला चालतो. टप्पे दिलेल्या क्रमानंच करा, कारण पहिल्या दोन टप्प्यांतच निम्मी पाकिटं बाद होतात.

टप्पा १: हा बार कशाच्या जागी खाणार ते ठरवा

‘हेल्दी आहे म्हणून’ हे कारण पुरेसं नाही. चार वाजता कचेरीत वडापाव मागवला जातो, त्याच्या जागी? सकाळची लोकल पकडताना नाश्ता बुडतो, त्याच्या जागी? व्यायामानंतर घरी पोचायला तास लागतो, तेवढ्या वेळासाठी? एक वाक्य कागदावर लिहा: ‘मी हा बार अमुक वेळी, तमुक गोष्टीऐवजी खाणार.’

हे वाक्य लिहिता येत नसेल तर खरेदी पुढे ढकला. पोहे खाल्ले, चहा झाला आणि वर ‘प्रोटीनसाठी’ एक बार खाल्ला, तर दिवसाच्या खाण्यात दोनशेच्या आसपास कॅलरींची भर पडते. वजन कमी करायला निघालेल्यांची सर्वात मोठी गफलत हीच असते.

आता गरज मोजा. भारतीय प्रौढासाठी राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस दर किलो वजनामागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. दोन वेळच्या जेवणात वरण, उसळ, दही, भाकरी धरून किती जातात याचा ढोबळ अंदाज घ्या. तूट दहा ग्रॅमची आहे की पंचवीसची, हे कळलं की बारकडून काय हवं तेही कळतं.

टप्पा २: घरात कोणाला काय चालत नाही, याची यादी करा

बार घरात आला की तो एकटा कोणी खात नाही. मुलं उघडतात, आजी चव घेतात. म्हणून यादी सगळ्या घराची करा.

शेंगदाणा, काजू-बदाम, सोया, गहू किंवा दूध यांची ॲलर्जी कोणाला आहे का, हे पहिलं. वेष्टनावर ‘यात आहे’ आणि ‘याचे अंश असू शकतात’ अशा दोन वेगळ्या ओळी असतात. तीव्र ॲलर्जी असेल तर दुसरी ओळही पहिलीइतकीच गंभीरपणे घ्या.

मधुमेह असेल तर पुढचे सगळे टप्पे साखर मोजूनच करायचे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जादा प्रथिनं घ्यायचीच नाहीत. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर सोयाचा किंवा भरपूर तंतूंचा (फायबरचा) बार तिच्या पाठोपाठ खाऊ नका, गोळी नीट शोषली जात नाही. किती अंतर ठेवायचं ते तुमच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

उपास आणि आहाराचे नियम लोक हमखास विसरतात. ओट्स, सोया, वाटाण्याचं प्रथिन यांतलं काहीच आपल्याकडे उपासाला चालत नाही, त्यामुळे ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलेला बार एकादशीला चालेलच असं नाही. जैन घरांत ‘चिकोरी रूट फायबर’ हा शब्द शोधा. तंतू वाढवण्यासाठी घातला जाणारा हा घटक मुळापासूनच काढतात. खाऱ्या पाकिटांत कांदा-लसणाची पूड बऱ्याचदा असते.

> सावध: पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती अख्खे शेंगदाणे-बदाम असलेलं पाकीट देऊ नका, घास घशात अडकू शकतो. घरात कुत्रा असेल तर घटकांत ‘झायलिटॉल’ (वेष्टनावरचा संकेतांक आयएनएस ९६७) आहे का पाहा. माणसाला चालणारं हे गोड कुत्र्याला विषारी असतं.

टप्पा ३: मागची बाजू वाचा, याच क्रमानं

सर्वात जास्त वेळ इथेच द्यायचा आहे. दुकानात उभ्यानं वाचायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. ऑनलाइन घेताना मागच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहा. मागचा फोटोच दिला नसेल तर मी ती वस्तू मागवतच नाही, आणि तुम्हीही मागवू नका.

*पहिलं, चिन्ह.* हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, वनस्पतिजन्य नव्हे. दूध, दुधातलं व्हे प्रथिन आणि मध हे सगळं हिरव्या ठिपक्याखाली येतं. पूर्ण वनस्पतिजन्य हवं असेल तर व्हीगन पदार्थांसाठीचं वेगळं चिन्ह शोधा: हिरव्या रंगातलं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि त्यावर कोवळं पान. २०२२च्या नियमांनी ते ठरवून दिलं आहे. ते नसेल तर घटक वाचणं आलंच. ‘प्लांट प्रोटीन’ असं ठळक छापलेल्या बारवरच्या चॉकलेटच्या थरात दुधाची पावडर असू शकते.

*दुसरं, घटकांची यादी.* ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. पहिले तीन घटक म्हणजे बहुतांश बार. तिथे वाटाण्याचं किंवा सोयाचं प्रथिन, शेंगदाणे, बदाम असतील तर ठीक. खजूर, गुळाचा पाक, लिक्विड ग्लुकोज, ब्राऊन राइस सिरप असेल तर ती गोड वडी आहे, तिला तसंच माना.

यादीत साखर तुकड्या-तुकड्यांनी लपते. एक घटक थोडा, दुसरा थोडा, तिसरा थोडा, त्यामुळे एकही वर येत नाही. इन्व्हर्ट सिरप, फ्रुक्टोज, डेक्स्ट्रोज, मध, गूळ, फळांच्या रसाचा अर्क, खजुराचं सिरप ही नावं एकत्र मोजा. माल्टोडेक्स्ट्रिन हे पिष्ट असलं तरी रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतं, तेही याच गठ्ठ्यात टाका.

*तिसरं, नावातल्या घटकाची टक्केवारी.* पाकिटावर नाचणीचं नाव किंवा चित्र ठळक असेल तर घटकांच्या यादीत नाचणी किती टक्के ते लिहावं लागतं. कंस शोधा. ‘मल्टिग्रेन’ चिप्समध्ये मक्याचं आणि तांदळाचं पीठ पहिलं, पाम तेल दुसरं आणि नाचणी-ज्वारी पुढे कुठेतरी, हे नेहमीचंच चित्र आहे. ‘बेक केलेलं’ लिहिलेल्या पाकिटातही चरबीचा आकडा पाहा. भट्टीतून काढल्यावर वरून तेल-मसाला लावलेला असू शकतो.

*चौथं, पोषणमूल्यांचा तक्ता.* आधी पाहा की आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका खेपेचे (‘सर्व्हिंग’चे), आणि खेप म्हणजे किती. शंभर ग्रॅमच्या चिवड्याच्या पाकिटावर आकडे पंचवीस ग्रॅमच्या खेपेचे असतील तर पूर्ण पाकीट संपवणाऱ्यानं प्रत्येक आकड्याला चारनं गुणायचं.

एक तक्ता सोडवून दाखवतो. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत, पण बाजारात असे बार भरपूर दिसतात. बारचं वजन ५० ग्रॅम. दर १०० ग्रॅमला ऊर्जा ४२० किलोकॅलरी, प्रथिनं २०, एकूण साखर २६, त्यातली घातलेली साखर ४, चरबी १६. म्हणजे एका बारमध्ये २१० कॅलरी, प्रथिनं १०, एकूण साखर १३ आणि चरबी ८ ग्रॅम. पुढच्या बाजूला ‘१० ग्रॅम प्रोटीन’ आणि ‘फक्त २ ग्रॅम घातलेली साखर’ छापलेलं असेल, आणि दोन्ही खरं असेल. पण खजुराची साखर ‘घातलेली’ या रकान्यात दिसत नाही, ‘एकूण साखर’ या रकान्यात दिसते. तेरा ग्रॅम म्हणजे जवळपास तीन चहाचे चमचे.

आता प्रथिनांच्या ग्रॅमला चारनं गुणून कॅलरीनं भागा: १० गुणिले ४ म्हणजे ४०, भागिले २१०, साधारण १९ टक्के. या बारमधली जेमतेम पाचवा हिस्सा ऊर्जा प्रथिनांतून येते. हाच हिशेब घरच्या डब्यांवर करून पाहा. शेंगदाण्यांत साधारण १७-१८ टक्के, फुटाण्यांत २४ टक्क्यांच्या आसपास, सोयाबीनच्या वड्यांत ६० टक्क्यांच्या घरात. म्हणजे हा महागडा बार शेंगदाणे आणि फुटाणे यांच्या मध्ये बसतो. मला विचाराल तर २० टक्क्यांखालच्या बारला मी प्रोटीन बार धरत नाही. तो खाण्यात गैर काही नाही, पण प्रथिनांच्या नावाखाली जादा पैसे मोजू नयेत.

*पाचवं, ‘हाय प्रोटीन’ हा दावा.* अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये दिवसाच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिनं असली की हा शब्द छापता येतो. ६५ किलोच्या पुरुषासाठीची ५४ ग्रॅमची शिफारस धरली तर ते भरतात साधारण ११ ग्रॅम. म्हणजे ३० ग्रॅमच्या पाकिटातून तीन-सव्वातीन ग्रॅम प्रथिनं मिळाली तरी पुढे ‘हाय प्रोटीन’ दिमाखात झळकू शकतं. ‘शुगर फ्री’साठी मर्यादा १०० ग्रॅमला अर्धा ग्रॅम साखर ही आहे. साखरेऐवजी काय घातलंय, ते मात्र हे शब्द सांगत नाहीत.

*सहावं, गोडीचे पर्याय.* माल्टिटॉल (आयएनएस ९६५) आणि सॉर्बिटॉल (४२०) पोटात पूर्ण शोषले जात नाहीत, त्यामुळे गॅस आणि जुलाब होऊ शकतात. म्हणूनच अशा घटकांचं प्रमाण जास्त असलं की रेचक परिणामाची सूचना छापावी लागते. माल्टिटॉल रक्तातली साखरही काही प्रमाणात वाढवतं, मधुमेह्यांनी ‘शुगर फ्री’वर विसंबून राहू नये. एरिथ्रिटॉल (९६८) त्या मानानं पोटाला सौम्य. इन्युलिन, म्हणजेच चिकोरीचे तंतू, एरवी चांगले, पण सवय नसलेल्या माणसाचं पोट पाच-दहा ग्रॅमनेही फुगतं.

*सातवं, मीठ.* हे मुख्यतः मखाणे, खाकरा, भाजलेले चणे यांच्यासाठी. दिवसाची सोडियमची मर्यादा २००० मिलिग्रॅम धरतात. दर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम लिहिलेलं १०० ग्रॅमचं पाकीट एका बैठकीत संपवलं तर दिवसाचा ४० टक्के कोटा तिथेच संपतो. रक्तदाब असलेल्यांनी हा आकडा साखरेच्याही आधी पाहावा.

> तपासा: चिन्ह, पहिले तीन घटक, एकूण साखर, प्रथिनांची टक्केवारी, गोडीचा पर्याय, सोडियम. यातली एक गोष्ट जरी तुमच्या यादीशी जुळत नसली तरी पाकीट परत फळीवर ठेवा. चवीचा विचार अजून करायचाच नाही.

टप्पा ४: सुटा एकच घ्या

सहाचा डबा स्वस्त पडतो, हे खरं. पण न आवडलेला बार कोणी संपवत नाही, तो फ्रीजच्या दारात पडून राहतो. पहिल्या वेळी एका कंपनीचा, एका चवीचा, एकच बार. मिश्र चवींचा संच घेऊ नका, कारण प्रत्येक चवीचे घटक वेगळे असतात आणि त्रास कशानं झाला ते कळत नाही.

तारीख पाहा. प्रोटीन बार जुना होत गेला की कडक होतो, त्यामुळे मुदत संपायला महिनाच उरलेला बार खाण्याजोगा असला तरी चवीला न्याय देणार नाही. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात मागवत असाल तर चॉकलेटचा थर नसलेला निवडा. वाटेत वितळून पुन्हा गोठलेल्या थरावर पांढुरके डाग दिसतात. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते, पण तो बार उन्हात तापला होता एवढं नक्की. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्याचा १४ आकडी क्रमांक वेष्टनावर असायलाच हवा.

टप्पा ५: आधी कापा, मग चाखा

बार सरळ तोंडात घालू नका. पोळपाटावर ठेवा आणि धारदार सुरीनं मधोमध कापा. कापलेली बाजू बरंच काही सांगते. सुरीला चिकट तार सुटली तर सिरप भरपूर आहे. तुकडा भुसभुशीत होऊन पडला तर बार कोरडा आहे, पाण्याशिवाय घशाखाली उतरणार नाही. चित्रातले अख्खे बदाम आत खरंच दिसतात का, की नुसता एकसारखा तपकिरी गोळा आहे? मधे दिसणारे फुगीर, कुरकुरीत, पांढरट दाणे बहुधा सोयाचे किंवा वाटाण्याच्या प्रथिनाचे असतात. मुरमुऱ्यांसारखे दिसतात, पण चावल्यावर जास्त कडक लागतात.

मग वास घ्या. दाण्यांच्या बारमध्ये खवटपणा पटकन येतो. जुन्या खोबऱ्यासारखा वास आला तर तारीख शिल्लक असली तरी खाऊ नका. वाटाण्याच्या प्रथिनाला मात्र स्वतःचा एक मातकट, कच्च्या डाळीच्या पिठासारखा वास असतो. तो खराबीचा नव्हे. अनेक जण हे दोन वास एकच समजून चांगला बार फेकतात, नाहीतर खवट बार ‘प्रोटीनचा वास असेल’ म्हणून खातात.

चव घेताना छोटा तुकडा सावकाश चावा आणि गिळल्यावर मिनिटभर थांबा. स्टीव्हिया किंवा सुक्रालोज असेल तर गोडी जिभेवर रेंगाळते, काहींना मागून कडवट लागतं. पहिल्या घासाला न जाणवलेलं हे अर्ध्या बारनंतर नकोसं होतं.

टप्पा ६: अर्धा, मग पूर्ण, मग नोंद

१. पहिल्या दिवशी अर्धाच बार खा, सोबत पेलाभर पाणी. वेळ टप्पा १मध्ये लिहिलेलीच. प्रवासाच्या, परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या दिवशी पहिली चाचणी नको. त्या दिवशी दुसरा कुठलाही नवा पदार्थ, नवं औषध किंवा बाहेरचं जेवण नको.

२. पुढचे २४ तास पोटाकडे लक्ष द्या: फुगणं, गॅस, मळमळ, शौचाला पातळ होणं, अंगावर खाज. ओठ-चेहरा सुजणं, श्वास लागणं अशी लक्षणं दिसली तर वाट न पाहता ताबडतोब दवाखाना गाठा.

३. काही त्रास नसेल तर दुसऱ्या दिवशी पूर्ण बार, त्याच वेळी. दोन तासांनी स्वतःला विचारा: भूक लागली का? किती? खाल्ल्यावर तासाभरात पुन्हा डबा उघडावासा वाटला तर त्या बारनं तुमचं काम केलं नाही, लेबल कितीही छान असो.

४. सौम्य गॅस झाला असेल तर दोन दिवस सोडून पुन्हा अर्धा खाऊन पाहा. तंतूंची सवय व्हायला वेळ लागतो. दुसऱ्यांदाही तेच झालं तर घटकांच्या यादीतला संशयित, बहुधा इन्युलिन किंवा माल्टिटॉल, लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी तो नसलेला बार घ्या.

५. मधुमेह असेल आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी आणि खाणं सुरू केल्यापासून दोन तासांनी साखर मोजा. नोंद डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनानं गोळी किंवा इन्शुलिन बदलू नका.

नोंद फार मोठी नको. तारीख, नाव, अर्धा की पूर्ण, किती वाजता, दोन तासांनी भूक, पोट. वहीच्या एका ओळीत बसतं. वेष्टन फेकण्याआधी मागच्या बाजूचा फोटो काढून ठेवा, कारण कंपन्या घटक बदलतात आणि नाव-वेष्टन तसंच ठेवतात. महिन्यांनी अचानक पोट बिघडलं तर दोन फोटो शेजारी ठेवून फरक सापडतो.

> सावध: व्यायामशाळेतल्या मित्रानं रोज तीन खाल्ले म्हणून तुम्ही खाऊ नका. तीन बार म्हणजे सहाशेवर कॅलरी, एका जेवणाइतक्या. त्यात ताजी भाजी किंवा फळ काहीच नाही.

टप्पा ७: पैशाचा हिशेब, पण प्रथिनांच्या ग्रॅममागे

बारची किंमत भागिले बारमधली प्रथिनं. ६० रुपयांचा बार आणि १० ग्रॅम प्रथिनं असतील तर ग्रॅमला सहा रुपये. तुमच्या किराणा दुकानातल्या फुटाण्यांच्या दरानं हाच हिशेब मांडा. शंभर ग्रॅम फुटाण्यांत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं धरा, शेंगदाण्यांत २४. फरक किती पट येतो ते स्वतः काढलेलं बरं, कारण दर गावोगाव वेगळे.

म्हणून बार घेऊच नये असं माझं म्हणणं नाही. बॅगेत चुरा न होणं, हात खराब न होणं, कुठेही सोलावं-भाजावं न लागणं याची किंमत आहे, आणि ज्याचा नाश्ता रोज लोकलमध्ये बुडतो त्याला ती परवडू शकते. पण घरी किंवा कचेरीत टेबलाशी बसून खायचं असेल तर मूठभर फुटाणे, थोडे शेंगदाणे, सोबत एखादं केळ किंवा पेरू यांच्यापुढे बहुतेक बार टिकत नाहीत. डाळ आणि धान्य दिवसभरात दोन्ही पोटात जात असतील तर वाटाण्याच्या प्रथिनात जी अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) कमी पडतात ती भाकरी-भातातून भरून निघतात, त्यासाठी खास ‘संपूर्ण प्रथिन’वाला महागडा बार शोधायची गरज नाही.

टप्पा ८: जमलं तर साठवण, बिघडलं तर तक्रार

आवडलेला आणि पोटाला मानवलेला बार सापडला की सहाचा डबा घ्या, जास्त नको. कोरड्या, थंड कपाटात ठेवा. गॅसच्या शेगडीवरचं फडताळ आणि गाडीचा डॅशबोर्ड या दोन्ही जागा वर्ज्य. फ्रीजमध्ये ठेवलेला बार दगडासारखा होतो, खाण्याआधी वीस मिनिटं बाहेर काढा. मखाणे, खाकरे उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात क्लिप लावलेलं पाकीट एका दिवसात सादळतं.

पाकीट फाटलेलं, फुगलेलं, आत अळी किंवा जाळी असेल तर खाऊ नका आणि फेकूही नका. वेष्टन, बॅच क्रमांक, तारीख आणि पावती यांचे फोटो काढा, माल पिशवीत बंद करा. विक्रेत्याकडे बदली मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका. प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार नोंदवता येते, महाराष्ट्रात जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयातही देता येते. बॅच क्रमांक नसेल तर तपास पुढे सरकत नाही, म्हणून शेवटचा बार खाऊन होईपर्यंत डब्याचं पुठ्ठ्याचं वेष्टन जपून ठेवा.